पडद्यावरील बोली आणि प्रेक्षकाचा कौल

१

चित्रपट किंवा मालिका पाहून प्रेक्षक जे अभिप्राय देतो, त्यांत ‘भाषा अगदी खरी वाटली’ हा अभिप्राय अलीकडे वारंवार ऐकू येतो. कथानक, अभिनय, संगीत यांविषयीच्या मतांची निदान चर्चा होते. कोणी दुजोरा देतो, कोणी खोडून काढतो. भाषेविषयीचे मत मात्र बहुधा छाननीवाचून स्वीकारले जाते. भाषा बोलणारा प्रत्येक जण भाषेचा जाणकार असतोच, अशी समजूत त्यामागे असावी.

ही समजूत स्वभाषेपुरती खरी आहे. कोल्हापूरच्या प्रेक्षकाने कोल्हापुरी बोलीविषयी दिलेला कौल पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल. पण त्याच बोलीला पुण्याचा किंवा नागपूरचा प्रेक्षक ‘खरी’ म्हणतो, तेव्हा तो ती कशाशी ताडून पाहतो? ती बोली त्याने प्रत्यक्ष फारशी ऐकलेली नसते. ऐकलेली असते ती पूर्वीच्या चित्रपटांत. म्हणजे पडद्यावरची बोली पडद्यावरच्याच बोलीशी जुळली की तिला खरेपणाचे प्रमाणपत्र मिळते. अभिप्राय प्रामाणिक असतो, परंतु त्याचे प्रमाण वर्तुळाकार असते.

तेव्हा ‘खरी’ या विशेषणाला काही निश्चित अर्थ द्यावयाचा असेल, तर उच्चारांच्या नकलेपलीकडे जावे लागेल. दोन प्रश्न विचारणे येथे उपयोगी ठरते. त्या बोलीतून पात्रे कोणकोणते व्यवहार करतात, हा पहिला. आणि दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित भाषेशी गाठ पडली असता त्या बोलीचे काय होते, हा दुसरा. काही परिचित चित्रपट व मालिका या दोन प्रश्नांच्या उजेडात पाहिल्या, तर प्रेक्षकाच्या कौलातील ग्राह्य भाग कोणता आणि त्याज्य कोणता, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होईल.

२

मराठी चित्रपटाने एक स्वतंत्र ‘ग्रामीण’ भाषा घडवली आहे. कोल्हापूर हे चित्रनिर्मितीचे मोठे केंद्र होते. तमाशापटांची परंपरा तेथील मातीत रुजली. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे दक्षिण महाराष्ट्राचे लेखक चित्रपटाला लाभले. परिणामी कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातील बोलीची काही ठळक लक्षणे सर्व महाराष्ट्राच्या ग्रामीणतेची खूण बनली. ‘नाही’चे ‘न्हाई’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘होते’चे ‘हुतं’ आणि अधूनमधून एखादे ‘लई’, एवढ्या सामग्रीवर पात्र खेडवळ ठरू लागले. मग ते गाव नगरचे असो वा जळगावचे.

या निवडीत एक गोष्ट लक्षणीय आहे. पडदा बोलीची तीच लक्षणे उचलतो, जी बाहेरच्या माणसाला आधीच ठाऊक असतात. कोल्हापूर भागात स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी रूपे सहज वापरतात. लिंगव्यवस्थेच्या अभ्यासकाला हे रूप ‘न’-‘ण’च्या भेदाहून किती तरी महत्त्वाचे वाटेल. पण पडद्यावरच्या ग्रामीण नायिकेच्या तोंडी ते सहसा पडत नाही. पडले असते, तर इतर भागांतील प्रेक्षकाला ते संवादलेखकाची चूक वाटले असते. ज्या लक्षणामुळे बोली खऱ्या अर्थाने वेगळी ठरते, तेच लक्षण ‘खरे’ वाटत नाही म्हणून गाळले जाते, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) या परंपरेतील बलवान चित्रपट. ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कथेवर तो बेतलेला असून त्याचे संवाद शंकर पाटलांचे आहेत. त्यात गावाला वळण लावणारे मास्तर पुस्तकी वळणाची मराठी बोलतात आणि तमाशातील चंद्रकला फडाची बोली बोलते. संवाद चुरचुरीत आहेत; श्रीराम लागू आणि संध्या यांनी ते पेललेही आहेत. परंतु भाषेची ही विभागणी नीतीच्या विभागणीला तंतोतंत समांतर आहे. उपदेश प्रमाणभाषेत, मोह बोलीत. मास्तरांचे अधःपतन दाखवून चित्रपट नीतीच्या अहंकारावर आघात करतो. भाषेच्या उतरंडीला मात्र तो धक्का लावत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे असे मिळते, की बोलीच्या वाट्याला शृंगार, चेष्टा आणि भांडण आले; विचार आला नाही.

३

या वाटणीला छेद देणारे एक पात्र थोड्याच वर्षांत आले. जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातही एक मास्तर आहेत आणि त्यांच्यासमोर साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील. निळू फुले यांनी हिंदुरावाला जी बोली दिली आहे, ती अडाण्याची नाही. ती संथ आहे, नेमकी आहे आणि तिच्यात हुकूम देण्याची सवय मुरलेली आहे. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा प्रश्न मास्तर सुशिक्षित भाषेत विचारीत राहतात, आणि सत्ता त्या प्रश्नाला बोलीतून बगल देते. सहकाराच्या राजकारणाने ग्रामीण महाराष्ट्रात सत्तेची भाषा बदलली होती. हे सामाजिक वास्तव उच्चारांच्या यादीतून नव्हे, तर संवादाच्या व्यवहारातून येथे प्रकट झाले.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा या दृष्टीने ‘सामना’चा वारस म्हणावा लागेल, वरकरणी दोहोंत कोणतेही साम्य नसले तरी. रिंकू राजगुरू हिने साकारलेली आर्ची पाटलाच्या घरची आहे. तिची करमाळ्याकडील बोली प्रेक्षकाला विलक्षण ‘खरी’ वाटली, आणि तिचे बोलणे महाराष्ट्रभर तोंडी झाले. मराठीत सांगितलेले समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, असा तिचा सवाल टाळ्या घेऊन गेला. पण टाळ्या उच्चाराला होत्या, की त्या उच्चारामागच्या अधिकाराला? आर्ची या बोलीतून हुकूम सोडते, धमकी देते, थट्टा करते, प्रेमही व्यक्त करते. खेड्यातल्या मुलीने प्रेम व्यक्त करताना प्रमाणभाषेकडे सरकावे, हा जुना संकेत तिने पाळलेला नाही. शिवाय पारधी कुटुंबातला परश्या ढोबळमानाने तिच्याच बोलीत बोलतो. जात दोघांना दूर ठेवते, बोली ठेवत नाही. आणि म्हणून जातीचा अडसर अधिकच उघडा पडतो.

चित्रपटाचा उत्तरार्ध अनेक प्रेक्षकांना संथ वाटला. भाषेच्या अंगाने पाहता तोच भाग अधिक मोलाचा आहे. ही दोघे हैदराबादेस जातात, तेथे तेलुगू बोलली जाते, आणि जी बोली गावात अधिकाराचे साधन होती ती एकाएकी निरुपयोगी होते. एका मराठी बाईचा आसरा मिळेपर्यंत आर्ची जवळजवळ मुकी आहे. पाटलाची मुलगी म्हणून तिच्या शब्दाला असलेले वजन शब्दाचे नव्हते, स्थानाचे होते, हे येथे कळते. अखेरच्या प्रसंगातून तर ध्वनीच काढून घेतलेला आहे. बोलीच्या बळावर उभा राहिलेला चित्रपट निःशब्द होऊन संपतो, ही योजना आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर होय.

याच कथेवरील ‘धडक’ (२०१८) हा हिंदी चित्रपट उदयपुरात घडतो. तेथील पात्रांच्या हिंदीला स्थानिक छटा दिलेली आहे. पण ती छटा काढून टाकली तरी कोणत्याही प्रसंगाचा अर्थ बदलत नाही. ज्या बोलीवाचून अर्थाची हानी होत नाही, ती पोशाखासारखी असते. तिला भाषा म्हणता येत नाही.

४

दूरचित्रवाणीच्या मालिकांची परिस्थिती निराळी आहे. दैनंदिन मालिकेचे संवाद रोजच्या रोज पुरवावे लागतात आणि ते वर्षानुवर्षे चालतात. अशा वेळी बोलीचे पालुपद होण्याचा धोका मोठा. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६-२०२१) या कोल्हापुरातील मालिकेत पैलवान राणा आणि शिक्षिका अंजली यांची जोडी आहे. राणाचे ‘चालतंय की’ घराघरांत पोचले. ‘पिंजरा’त प्रमाणभाषा पुरुषाकडे होती, येथे ती स्त्रीकडे आली. हा बदल स्वागतार्ह असला तरी समीकरण जुनेच राहिले: शिक्षण म्हणजे प्रमाणभाषा, निर्मळ पण अडाणी मन म्हणजे बोली. राणावर प्रेक्षकांनी लोभ केला. परंतु तो लोभ मोठ्या माणसाने लहान मुलावर करावा तशा जातीचा होता.

‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मालिकेचा विचार अधिक गुंतागुंतीचा आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी सर्वदूर नेली. पण कोकणाबाहेरच्या प्रेक्षकाच्या मनात ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ ही रूपे कानी पडताच हसावयाचे असते, अशी सवयही तेव्हापासून दृढ झाली. नाईकांच्या वाड्यातील या मालिकेने तीच मालवणी भयाला, शोकाला आणि वडिलोपार्जित मालमत्तेच्या वादाला वापरली. हसण्याच्या तयारीने बसलेल्या प्रेक्षकाला ती भिववू शकली, ही गोष्ट लहान नाही. घरी राहिलेले भाऊबंद मालवणी बोलतात, मुंबईस गेलेला मुलगा व त्याची पत्नी प्रमाण मराठीकडे झुकतात. कोकण आणि मुंबई यांच्या संबंधाचे हे यथार्थ भाषिक चित्र आहे. मात्र शंका घेणारी, विज्ञाननिष्ठ बुद्धी प्रमाणभाषा बोलणाऱ्या सुनेकडे आणि भुताखेतांवरची श्रद्धा मुख्यतः मालवणीकडे, ही वाटणी येथेही आहेच. बोलीला भयाचा अधिकार मिळाला, तर्काचा अजून मिळाला नाही.

५

बोलीचा आणि प्रतिष्ठित भाषेचा सामना सर्वांत काटेकोरपणे ज्यात दिसतो, तो चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या चार भाषा त्यात वावरतात. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूस आपल्या गीताने प्रवृत्त केले, असा आरोप लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आहे. साक्षीदार आपापल्या भाषेत बोलतात. न्यायाधीश ऐकतात आणि त्याचा सारांश इंग्रजीत लिपिकाला सांगतात. न्यायाच्या दृष्टीने अस्तित्वात राहतो तो हा सारांश. मृताच्या पत्नीच्या बोलण्यातील अडखळ, तिचा थकवा, तिचे मौन यांपैकी काहीही नोंदीत उतरत नाही. भाषांतराने येथे कोणी खोटे बोलत नाही. तरी माणूस नाहीसा होतो. सरकारी वकील नूतन घरी साधी मराठी बोलते आणि न्यायालयात कायद्याची इंग्रजी कलमे भराभर वाचून दाखवते. त्या वाचनात आकलनाचा भास आहे, आवाजाला अधिकार आहे. हा चित्रपट ‘कंटाळवाणा’ म्हणणारा प्रेक्षक पुष्कळदा हा व्यवहार नेमका ओळखीचा असल्यामुळेच तसे म्हणतो.

मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) एक पाऊल आणखी मागे नेतो. या नावाचा अर्थ बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना ठाऊक नव्हता. डुकराला असलेला हा कैकाडी शब्द. आणि कैकाडी ही द्राविड कुळातील, तमिळला जवळची भाषा. म्हणजे ज्या जब्याच्या ग्रामीण मराठीला प्रेक्षक ‘खरी’ म्हणतो, त्या मराठीखाली त्याच्या जमातीची एक निराळीच भाषा आहे, आणि तिचा एकच शब्द तेवढा पाटीवर आला आहे. तोही असा, की जो ऐकताच जब्याला लाज वाटावी. डुकराचा पाठलाग चालू असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. त्या गीताची संस्कृतप्रचुर बंगाली त्या कुटुंबातील कोणाचीच भाषा नाही. तरी तिच्यासाठी थांबावे लागते. कैकाडीसाठी कोणी थांबलेले चित्रपटात कोठेही दिसत नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. चित्रपट सर्व महाराष्ट्रासाठी असतो. बोली जशीच्या तशी ठेवली तर ती समजणार नाही. म्हणून सपाटीकरण अटळ आहे. हे मान्य केले पाहिजे. पडद्यावरची बोली म्हणजे ध्वनिलेखन नव्हे आणि तसा तिचा दावाही नसावा. किंबहुना म्हणूनच उच्चारांच्या अचूकतेवर खरेपणाचा निवाडा करणे गैर ठरते. ‘सैराट’मधील प्रत्येक रूप करमाळ्याच्या बाजारात ऐकू येईलच असे नाही, तरी तेथील बोली भाषा म्हणून पूर्ण आहे, कारण जगण्याचे सर्व व्यवहार तिच्यावर सोपवलेले आहेत. उलट, एखाद्या मालिकेतील उच्चार निर्दोष असूनही तेथील बोली अपुरी असू शकेल.

प्रेक्षकाचा कौल टाकाऊ नाही. तो अर्धा आहे. ‘खरी वाटली’ या शब्दांत तो बोलीचे स्वागत करतो. पण पडद्यावर तिने काय केले तर चालेल, याची मर्यादाही त्याच शब्दांत तो नकळत आखतो. ही मर्यादा चित्रपटगृहात संपत नाही. ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणारा विद्यार्थी चर्चासत्रात मुद्दा मनात असूनही गप्प बसतो, हे दृश्य विद्यापीठांना अपरिचित नाही. आर्चीच्या उच्चारांना टाळी देणारा प्रेक्षक आणि तेच उच्चार तोंडी परीक्षेत ऐकून कपाळाला आठी घालणारा परीक्षक, ही एकच व्यक्ती असू शकते. बोली करमणुकीला मान्य आणि विचाराला अमान्य, ही ‘पिंजरा’तील वाटणी मग वर्गातही चालू राहते.

यासाठी अभ्यासकांनी पडद्यावरील बोलीची नोंद उच्चारवार न करता व्यवहारवार करून पाहावी. कोणत्या प्रसंगी पात्र बोलीत बोलते, कोणासमोर ती सोडते, आणि वाद घालणे, शंका घेणे, सिद्धांत मांडणे ही कामे तिच्यावर कितीदा सोपवली जातात, हे मोजता येण्याजोगे आहे. अशी नोंद हाती आली म्हणजे ‘भाषा खरी वाटली’ या अभिप्रायाचा उलगडा होईल. आणि वर्गात कोणाची भाषा ऐकली जाते, हा प्रश्नही त्याच नोंदवहीत मांडता येईल.