कातरलेलं पान: जुनी कार्टून-पुस्तकं वाचताना

समजा, तुम्हाला १९३०च्या दशकातल्या अमेरिकन कार्टून-पुस्तकांवर संशोधन करायचं आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती समोर आल्या. एक कोरी करकरीत, दुसरीतलं एक पान कातरलेलं. तुम्ही कोणती घ्याल? बहुतेक जण पहिली घेतील. पण जरा थांबा.

उदाहरण म्हणून 'मिकी माउस बुक' घेऊ. न्यूयॉर्कच्या बिबो अँड लँग या प्रकाशनाने ते १९३० साली काढलं. डिस्नेचं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. त्यातली गोष्ट प्रकाशकाच्या ११ वर्षांच्या मुलीने, बोबेट बिबोने लिहिली. उंदरांच्या परीराज्यातून हाकललेला एक उंदीर हॉलिवूडमध्ये वॉल्ट डिस्नेकडे पोचतो आणि तिथे त्याला मिकी हे नाव मिळतं.

गोष्ट म्हणून हे बेताचंच आहे. १९२८च्या 'स्टीमबोट विली'त मिकी जनावरांनाच वाद्यांसारखं वाजवतो. तिथली सगळी गंमत हालचाल आणि आवाज यांचा ताल जुळण्यात आहे. कागदावर ती उतरत नाही. त्यामुळे अशा पुस्तकांना 'सिनेमाची फिकी नक्कल' म्हणून बाजूला सारणं सोपं जातं.

पण याच पुस्तकात गोष्टीबरोबर गाणं आहे आणि कापून खेळायचा एक खेळही आहे. माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. चित्र हलत नाही ना? मग मुलाचे हात हलू देत. पुस्तकाला आवाज नाही? मग मूल गाईल. सिनेमातलं जे कागदावर आणता आलं नाही, ते पुस्तकाने वाचणाऱ्यावर सोपवलं. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते; मिकीला पुन्हा हलताना बघायचं तर थिएटर गाठावं लागे. हे लक्षात घेतलं की कात्री लावायच्या त्या पानाचं मोल कळतं.

आता त्या दोन प्रतींकडे परत या. ज्या मुलांनी पुस्तक सांगितल्याप्रमाणे वापरलं, त्यांच्याच प्रती 'अपूर्ण' ठरल्या! संग्राहक अखंड प्रतीला जास्त भाव देतात, आणि स्कॅन करायचं झालं तरी साहजिकच तीच हवीशी वाटते. म्हणजे आपल्या स्क्रीनवर येण्याची शक्यता जास्त कोणत्या प्रतीची, तर ज्या प्रतीशी कुणी खेळलंच नाही तिची. फक्त तीच बघून 'मुलं ही पुस्तकं कशी वाचायची' यावर प्रकरण लिहिलंत, तर पाया कच्चा राहील.

अर्थात उलट टोकालाही जाऊ नका. पान नाही म्हणजे मुलानेच कापलं, असं सिद्ध होत नाही. ते नुसतं फाटलंही असेल. कडा सरळ कातरलेली आहे का, की शिवणीपासून ओढलेली? इतर पानांवर रंग, नाव, बोटांचे डाग आहेत का? आणि एका प्रतीवरून 'त्या काळची मुलं' असं सरसकट विधान करता येत नाही. जमतील तितक्या प्रती ताडून बघा.

प्रत्येक पुस्तकाची झीजही वेगळी असते. व्हिटमनच्या १० सेंटच्या 'बिग लिटल बुक'मध्ये साधारणपणे एका पानावर मजकूर आणि समोर चित्र असे. तिथे कात्रीच्या खुणा शोधण्यापेक्षा कुठलं पान जास्त मळलंय ते बघा. ब्लू रिबन बुक्सने १९३३मध्ये मिकीची, उघडताच चित्र उभं राहणारी पुस्तकं काढली. तिथे घड्या बघा.

मराठी बालमासिकांवर काम करणार असाल, तरी हेच. कोड्यांची भरलेली घरं, रंगवलेली चित्रं, कापलेले मुखवटे यांना 'खराब अंक' म्हणून बाजूला टाकू नका. आणि आराखड्यात एक ओळ जरूर लिहा: कोणती प्रत पाहिली, कुठे पाहिली आणि तिच्यात काय नव्हतं.