चित्रपटांतील पुंगी आणि गारुडी

नाशिक जिल्ह्यातील ओझर हे गाव आज विमानांच्या कारखान्यामुळे परिचित आहे. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या नाशकात दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा मूकपट निर्माण केला. त्यांची कन्या मंदाकिनी हिने त्यात बाळकृष्णाची भूमिका केली. यातील नाग कृत्रिम आहे, आणि तो तसा असल्याचे लपविण्याचा फारसा अट्टाहासही नाही. पटाच्या आरंभीच मंदाकिनीच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव दाखवून मग तिला कृष्ण झालेली दाखविणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला फसवू इच्छीत नाही. येथे कृष्ण व नाग यांच्यामध्ये कोणीही मध्यस्थ नाही. गारुड्याची गरजच भासलेली नाही.

गारुडी मध्यभागी आला तो बोलपटांत, आणि तोही मुख्यतः ध्वनीच्या रूपाने. नंदलाल जसवंतलाल यांच्या ‘नागिन’ (१९५४) मध्ये दोन जमातींचे वैर व त्यातून उमललेले प्रेम एवढेच कथानक आहे. वैजयंतीमालेची नायिका मानवी स्त्रीच आहे. तिला खेचून आणणारी धून मात्र देशभर गाजली. हेमंतकुमारांच्या संगीतातील ती पुंगी वस्तुतः पुंगी नव्हे. कल्याणजींनी क्लेव्हियोलाइन या विद्युत्‌वाद्यावर ती वाजविली होती. यानंतर गावोगावच्या वाद्यवृंदांना आणि वरातींना पुंगीचा जो स्वर ठाऊक झाला, तो या यंत्राचा.

हा तपशील किरकोळ नाही. सापाला बाह्यकर्ण नसतो. टोपलीतला नाग डुलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीकडे व गारुड्याच्या हालचालींकडे लक्ष ठेवून. गारुड्याची विद्या म्हणजे अंतर राखण्याची, मनगटाची आणि धीराची विद्या होय. तीत जनावराचे हालही असतात, हे नाकारता येत नाही. चित्रपटाने हे सारे श्रम वगळून केवळ स्वर उचलला, आणि त्या स्वराला न असलेले सामर्थ्य बहाल केले.

या सामर्थ्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. राजकुमार कोहली यांच्या १९७६ च्या ‘नागिन’मध्ये मारेकऱ्यांच्या प्रतिमा नागिणीच्या डोळ्यांत उमटतात व ती एकेकाचा सूड घेते. सर्पहत्येच्या दोषासाठी त्र्यंबकेश्वरी नागबळीचा विधी करण्याची प्रथा आहे. त्या विधीत दोषाला निष्कृती असते, या पटाच्या सूडाला ती नाही. हर्मेश मल्होत्रा यांच्या ‘नगीना’ (१९८६) मध्ये तर पुंगी ही आज्ञाच झाली. अमरीश पुरी यांचा भैरोनाथ ती वाजवितो आणि श्रीदेवीच्या नायिकेला इच्छेविरुद्ध नाचावे लागते. १९५४ साली जो स्वर प्रियाराधनाचा होता, तोच येथे सक्तीचा झाला. आणि प्रेक्षकाला आनंद मिळतो तो नेमका त्या सक्तीच्या दर्शनातून. श्रीदेवीच्या अभिनयाचे कौतुक करताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते. शिवाय हा खलपुरुष नाथपंथी वेषात यावा, हे ज्या प्रदेशात निवृत्तिनाथांची समाधी आहे तेथील वाचकाला खटकल्यावाचून राहणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप बाळगून खेळ करणे बेकायदा ठरत गेले. रस्त्यावरचा गारुडी असा धंद्याला मुकत असताना पडद्यावरचा गारुडी अधिकाधिक दुष्ट व सर्वशक्तिमान होत होता. प्राण्याच्या दृष्टीने कायदा योग्यच आहे. परंतु पडद्याने त्या माणसाला निरोपाचा एक न्याय्य शब्दही दिला नाही.

बांगलादेशात १९८९ साली अतिशय लोकप्रिय झालेला ‘बेदेर मेये ज्योस्ना’ या बाबतीत वेगळा वाटतो. त्यात सर्पांवर उपजीविका करणाऱ्या भटक्या बेदे समाजातील तरुणी सर्पदंश झालेल्या राजपुत्राला वाचविते. येथे पुंगी प्राण घेत नाही, परत आणते. तथापि नायिका जन्माने बेदे नाही, ती केवळ त्यांच्यात वाढलेली आहे, अशी सोय कथेने करून ठेवली आहे. राजवाड्याचे दार खऱ्या बेदे कन्येसाठी उघडण्याचे धाडस त्या पटालाही झालेले नाही.