शब्द आणि संमती : स्कॉटलंडच्या देखभाल-विधेयकाचे भाषिक परीक्षण

विधिमंडळात मतदान होते ते मजकुरावर. विधेयक मांडणाऱ्याच्या मनात कोणताही हेतू असो, मतदानानंतर न्यायालयापुढे, अधिकाऱ्यापुढे आणि नागरिकापुढे उभा राहतो तो केवळ मजकूर. म्हणून विधेयकाचे परीक्षण ही मूलतः वाचनाची क्रिया आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आता प्रश्न असा, की ज्या मजकुरातील मुख्य पदांचा अर्थ पुढे केव्हातरी, दुसऱ्याच कोणाकडून ठरवला जावयाचा आहे, त्याचे वाचन कसे करावे? स्कॉटलंडमध्ये २०२२ ते २०२५ या काळात चर्चिल्या गेलेल्या राष्ट्रीय देखभाल सेवा विधेयकाने हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित केला. प्रस्तुत लेखात त्या विधेयकाच्या राजकीय बाजूपेक्षा भाषेचा विचार अधिक केला आहे. तथापि या दोन बाजू कोठवर वेगळ्या ठेवता येतात, हेही त्या ओघात दिसून येईल.

प्रथम परिभाषेविषयी. येथे ज्याला ‘देखभाल’ म्हटले आहे ते वृद्ध, अपंग व दुर्बल व्यक्तींना दैनंदिन जगण्यात दिले जाणारे साहाय्य होय. ‘शुश्रूषा’ हा शब्द रुग्णाकडे झुकतो, तर ‘संगोपन’ बालकाकडे. ‘काळजी’ या शब्दात चिंता आणि जपणूक हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि इंग्रजीतील ‘केअर’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे, कारण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुःख वा चिंता असा होता. अशा विस्तीर्ण अर्थाचा शब्द सेवेच्या नावात बसवला म्हणजे तिच्या सीमा नावावरून कळणे शक्य नाही. त्या अन्य शब्दांनीच आखाव्या लागतात.

स्कॉटलंडमध्ये या कामाची जबाबदारी १९६८च्या सामाजिक कार्य अधिनियमापासून स्थानिक परिषदांकडे आहे. अशा परिषदा ३२ आहेत. आरोग्यसेवा व देखभाल यांची सांगड घालण्यासाठी २०१४मध्ये कायदा होऊन संयुक्त मंडळे आली. तरीही ठिकठिकाणच्या सेवेत तफावत राहिली, आणि कोविडच्या साथीत देखभालगृहांतील रहिवाशांचे जे हाल झाले त्यामुळे असंतोष वाढला. डेरेक फीली यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समीक्षेने फेब्रुवारी २०२१मध्ये राष्ट्रीय देखभाल सेवेची शिफारस केली. तिचे उत्तरदायित्व मंत्र्यांकडे असावे, असा त्या शिफारशीचा आशय होता. जून २०२२मध्ये सरकारने विधेयक मांडले.

या विधेयकाच्या पहिल्या भागात दोन जातींची वाक्ये होती. पहिली जात तत्त्वांची. देखभाल सेवा ही समाजाने केलेली गुंतवणूक आहे, मानवी हक्कांच्या पूर्ततेस ती आवश्यक आहे, तिच्यायोगे व्यक्ती व समुदाय यांचा उत्कर्ष होतो, अशा अर्थाची ही वाक्ये होत. त्यांस विरोध करणे कोणालाही अवघड. परंतु ज्या वाक्याचा निषेध संभवत नाही, त्याच्या संमतीलाही फारसे मूल्य उरत नाही. दुसरी जात अधिकारप्रदानाची. मंत्री विनियमांद्वारे देखभाल मंडळे स्थापन करू शकतील, परिषदांची कार्ये विनियमांद्वारे त्या मंडळांकडे वर्ग करू शकतील, अशी ही वाक्ये होती. त्यांतील क्रियापद शक्यतार्थी आहे. ‘करतील’ आणि ‘करू शकतील’ यांतील अंतर व्याकरणात एका सहायक क्रियापदाचे, पण विधीत ते कर्तव्य आणि स्वेच्छा यांतील अंतर असते. मंडळे किती असतील, कोणती कार्ये केव्हा वर्ग होतील, यांची उत्तरे विधेयकात नव्हती. पहिल्या जातीची वाक्ये नाकारता येत नव्हती आणि दुसऱ्या जातीची तपासता येत नव्हती. अशा विधेयकाला तेथे ‘चौकट विधेयक’ म्हणतात.

याउलट रचना त्याच पार्लमेंटने वीस वर्षांपूर्वी करून दाखवली होती. २००२च्या समुदाय देखभाल व आरोग्य अधिनियमाने, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून, ६५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींना वैयक्तिक देखभाल विनामूल्य केली. २०१९मध्ये तिचा लाभ त्याखालील वयाच्या प्रौढांनाही मिळाला. कोणती देखभाल विनामूल्य, हे सांगणारे एक परिशिष्ट त्या अधिनियमास जोडलेले आहे. त्यात दाढी करणे, खरे वा कृत्रिम दात स्वच्छ करणे, हातापायांची नखे कापणे, शौचास नेणे अशा गोष्टी एकेक करून नोंदल्या आहेत. विधीच्या भाषेला हे वर्णन उणेपणा आणणारे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वृद्धेला स्वतःचे दात घासता येत नाहीत, तिचा हक्क मानवी प्रतिष्ठेच्या कलमापेक्षा या ओळीतच अधिक सुरक्षित आहे.

स्पष्ट यादीतही संदिग्धता राहते, हे मान्य केले पाहिजे. या परिशिष्टात ‘अन्न तयार करण्यास साहाय्य’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. त्यावरून वाद उत्पन्न झाला. ज्या व्यक्तीला चुलीपाशी उभेच राहता येत नाही तिच्यासाठी संपूर्ण अन्न तयार करणे हे ‘साहाय्य’ होय काय? काही परिषदांनी नाही असे मानून शुल्क आकारले. साहाय्य या क्रियेत मूळ कर्ता दुसरा कोणीतरी असतो, हे गृहीत धरले तर त्यांचा अर्थ व्याकरणदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता, परंतु कायद्याच्या हेतूला तो घातक होता. अखेर २००९मध्ये परिशिष्टात दुरुस्ती करून अन्न तयार करणे आणि त्यास साहाय्य करणे ही दोन्ही स्पष्टपणे नोंदण्यात आली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की शब्द समोर होता म्हणून वाद घालता आला, आणि वाद घालता आला म्हणून दुरुस्ती झाली. रिकाम्या जागेची दुरुस्ती सुचवता येत नाही.

२०२२च्या विधेयकावर समित्यांनी घेतलेले आक्षेप या दृष्टीने वाचावेत. स्कॉटिश पार्लमेंटला दुसरे सभागृह नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्यात समित्यांनी केलेल्या छाननीला विशेष महत्त्व असते. प्रदत्त अधिकारांची तपासणी करणाऱ्या समितीने विधेयकात पुरेसा तपशील नसल्याने अर्थपूर्ण परीक्षण होऊ शकत नाही, असा अभिप्राय दिला. वित्त समितीने डिसेंबर २०२२मधील अहवालात वित्तीय ज्ञापनातील उणिवांवर बोट ठेवून नवे ज्ञापन मागितले. खर्चाच्या अंदाजाची वरची मर्यादा पाच वर्षांत सुमारे १३० कोटी पौंड होती, आणि तीतही काही महत्त्वाच्या बाबी धरलेल्या नव्हत्या. या समितीचे अध्यक्ष केनेथ गिब्सन हे सत्तारूढ पक्षाचेच सभासद होते. यास्तव या टीकेला केवळ विरोधकांचा आवेश म्हणून बाजूस सारता येत नाही. अर्थ न ठरलेल्या शब्दाची किंमत ठरवता येत नाही, हा भाषिक सिद्धान्तच जणू त्या समितीने हिशेबाच्या परिभाषेत मांडला.

सरकारचे समर्थन दुर्लक्षणीय नव्हते. तपशील आधीच ठरवला तर सेवा घेणाऱ्यांचे मत केवळ औपचारिक ठरेल. म्हणून चौकट प्रथम संमत करावी आणि आतील रचना त्यांच्यासह करावी, असे ते म्हणत होते. ‘सहरचना’ हा त्यासाठी वापरलेला शब्द. यामागील भावना योग्य आहे. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. परंतु ऐकणे विधेयकाच्या आधी झाले असते, तर त्याचे फलित मजकुरात उतरले असते. कायद्यानंतर ऐकलेले मान्य करावयाचे की नाही, हे ठरवणारा मात्र विनियम लिहिणारा मंत्रीच असतो. सहरचनेच्या नावाखाली विधिमंडळ आणि सेवा घेणारे, या दोघांच्याही हातून लेखणी सुटण्याचा धोका होता.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. जुलै २०२३मध्ये सरकार व परिषदांची संघटना यांच्यात समझोता होऊन कार्ये व कर्मचारी परिषदांकडेच ठेवण्याचे ठरले. म्हणजे विधेयक विचाराधीन असतानाच त्याचा गाभा बदलला. पहिल्या टप्प्याचे मतदान वारंवार लांबून फेब्रुवारी २०२४मध्ये झाले. त्याच वर्षी परिषदांच्या संघटनेने पाठिंबा काढून घेतला, आणि जानेवारी २०२५मध्ये मंत्री मॅरी टॉड यांनी राष्ट्रीय सेवेचा भाग वगळल्याचे जाहीर केले. उरलेले विधेयक जून २०२५मध्ये ‘देखभाल सुधारणा अधिनियम’ या नावाने संमत झाले. त्यात टिकले ते काय? बिनपगारी देखभाल करणाऱ्या आप्तांना विश्रांतीचा हक्क, आणि देखभालगृहातील रहिवाशाला आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क. हा दुसरा हक्क ‘अ‍ॅनचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. मूळ विधेयकात भेटींचा प्रश्न मुख्यतः मंत्र्यांच्या निर्देशांवर सोपवला होता. अधिनियमात मात्र ‘आवश्यक देखभाल साहाय्यक’ ही संकल्पना आणि देखभालगृहांची कर्तव्ये मजकुरातच आली. जे नेमकेपणाने लिहिता आले तेच टिकले, असे म्हणता येईल.

म्हणून परीक्षण यशस्वी झाले असे म्हणावे काय? या निष्कर्षात घाई आहे. ज्या तफावतीमुळे सुधारणेची मागणी झाली ती विधेयकाच्या माघारीने नाहीशी झाली नाही. तिचा भार वाट पाहणाऱ्या वृद्धांवर व त्यांच्या आप्तांवरच राहिला. समित्या अपूर्ण मजकूर नाकारू शकतात, पण पूर्ण मजकूर लिहिण्याची साधने त्यांच्यापाशी क्वचितच असतात. तेव्हा दोष परीक्षणाचा नसून, ज्याचे परीक्षण होऊ शकत नाही असा मजकूर परीक्षणास पाठवणाऱ्या पद्धतीचा आहे.

भाषाभ्यासकांनी या प्रकरणातून घ्यावयाचा बोध असा, की संदिग्धता आणि रिक्तता या भिन्न गोष्टी आहेत. संदिग्ध शब्दाला एकाहून अधिक अर्थ असतात आणि त्यांतून निवड करता येते. रिक्त शब्दाला अर्थ पुढे दिला जातो, आणि तो देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच सत्ता जाते. विधीच्या भाषेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा परिभाषाकोशापाशी थांबतो. तो क्रियापदांच्या अर्थापर्यंत आणि परिशिष्टांतील सामान्य शब्दांपर्यंत नेला पाहिजे, कारण दुर्बल माणसाचा हक्क बहुतेक वेळा तेथेच ठरत असतो.