दोन बोटं माया

अंगाने भरलेल्या बाईने काय घालावे, हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. तिच्या मापाचे शिवणारे भेटत नाहीत.

महिलांच्या मासिकांतला सल्ला तर आता पाठ झाला आहे. आडव्या रेघा नकोत, मोठी फुले नकोत, रुंद काठ नकोत, फिकट रंग तर अजिबात नकोत. गडद घाला, शक्यतो काळे. आमच्या सासूबाईंच्या राज्यात काळे फक्त संक्रांतीला चालायचे. म्हणजे वर्षातून एकच दिवस बारीक दिसायचे, आणि तेही तिळगुळाच्या दिवशी!

या साऱ्या सल्ल्यांचा रोख एकच : झाका. शोभणे निराळे आणि बारीक दिसणे निराळे, हे या मंडळींच्या गावीही नसते. बरे, आडव्या रेघांवरचा आरोप तरी खरा असावा? हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच दिसतो, आणि दाखला दिला तो बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या झग्यांचा. २००८ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्प्सन यांनी लोकांना चित्रे दाखवून पडताळा घेतला. आडव्या पट्ट्यांची बाई जाड दिसली नाहीच. उलट उभ्या पट्ट्यांचीच अधिक रुंद वाटली. आणि आम्ही इतकी वर्षे उभ्या रेघांच्या गजाआड!

पण खरी गोम रेघांत नाही, कापण्यात आहे. तयार कपड्यांच्या दुकानात शिरावे, तर मुलगी वर न बघताच म्हणते, "आंटी, तुमच्या अंगात नाही येणार." जणू ड्रेस नव्हे, देवीच यायची आहे. हट्टाने डबल एक्सएल चढवला, तर खांद्याची शिवण कोपराकडे निघालेली, गळा उतरलेला, दंड मात्र आवळलेले. कारण कारखानदार बहुधा मधल्या मापाचा नमुना घेतो आणि तोच चहूबाजूंनी वाढवत नेतो. माणूस असा वाढत नाही हो! छाती, पोट, दंड वाढतात. खांद्याची हाडे जिथल्या तिथेच राहतात. 'फ्री साइज'मध्ये फ्री काय असते, हे तर पैसे मोजताना मला कधीच कळलेले नाही.

जाणता शिंपी आधी खांदा हाडावर बसवतो. छातीला टक्स घेतो, नाहीतर खांद्यापासून कमरेपर्यंत प्रिन्सेस कटची शिवण वळवत आणतो. दंडाला सैल सोडतो, आणि कापड मऊ, अंगावरून सहज पडणारे आणायला सांगतो. असा ड्रेस घातला की मोठी फुलेही खुलतात आणि पिवळा रंगही. 'सैल घाला' म्हणणाऱ्यांचा तंबू मात्र सगळ्यात रुंद भागापासून सरळ खाली लोंबतो आणि आतली बाई आहे त्याच्या दुप्पट दिसते.

परवा भाचीचा नवा, चांगला महागाचा ड्रेस आमच्या शिंप्याकडे नेला. काखेत काचत होता. बावीस वर्षांची पोर, सख्ख्या मैत्रिणीच्या लग्नाला जायचेच नाही म्हणून दोन दिवस खोलीत बसली होती. वजन कमी करीन, मगच घालीन, म्हणाली. शिंप्याने ड्रेस उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले. कापड अगदी कडेला छाटलेले.

"हिच्या अंगाचं काय काढता वहिनी? यात मायाच ठेवलेली नाही."

काखेत तुकडा जोडून देतो म्हणाला, मंगळवारी या. कुठल्या मंगळवारी, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.