टी. ई. लॉरेन्सच्या ‘क्रुसेडर कॅसल्स’मधील सायकलप्रवास : एक चिकित्सक अभ्यास

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आणि संशोधन-प्रबंध हा ज्ञानव्यवहार यांच्यात आपण सामान्यतः एक भिंत उभी करतो. प्रवासवर्णनात ‘मी’ असावा, प्रबंधात तो नसावा, हा संकेत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात इतका रुजला आहे की, पदव्युत्तर विद्यार्थी क्षेत्रभेटीचा अहवाल लिहितो तेव्हा तो त्या स्थळी कसा पोहोचला, वाटेत कोठे थांबला आणि काय पाहू शकला नाही, हे सर्व आपणच त्याच्याकडून खोडून घेतो. या संकेताची फेरतपासणी करण्यास भाग पाडणारा ग्रंथ म्हणून टी. ई. लॉरेन्सच्या ‘क्रुसेडर कॅसल्स’कडे पाहता येते. अरब उठावामुळे जगप्रसिद्ध झालेल्या या लेखकाचा हा विद्यार्थिदशेतील प्रबंध मराठी अभ्यासकांच्या फारसा परिचयाचा नाही. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विझ्डम’च्या छायेत तो झाकला गेला, हे त्याचे एक कारण असावे.

१९१० साली ऑक्सफर्ड विद्यापीठात इतिहासाच्या पदवी परीक्षेसाठी लॉरेन्सने हा प्रबंध सादर केला. बाराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपच्या लष्करी स्थापत्यावर धर्मयुद्धांचा कितपत प्रभाव पडला, हा त्याचा विषय. परीक्षेत त्याला प्रथम श्रेणी मिळाली. ग्रंथरूपाने मात्र तो लेखकाच्या मृत्यूनंतर, १९३६ साली, गोल्डन कॉकरेल प्रेसने मर्यादित प्रतींत दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिल्या खंडात प्रबंध आणि दुसऱ्यात प्रवासातून घरी लिहिलेली पत्रे, अशी ही मांडणी आहे. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ती अत्यंत महत्त्वाची आहे. पुढे १९८८ साली क्लॅरेंडन प्रेसने डेनिस प्रिंगल यांची टिपणांसह संपादित आवृत्ती काढली.

या प्रबंधाची सामग्री मुख्यत्वे सायकलवरून गोळा झाली. १९०६ मध्ये ब्रिटनी, १९०७ च्या वसंतात वेल्स व त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नॉर्मंडी, आणि १९०८ च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्सपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन परत, असा हा क्रम आहे. एकट्या १९०८ च्या फेरीत त्याने सुमारे २,४०० मैल, म्हणजे ३,८०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. त्या प्रवासातच त्याला विसावे वर्ष पूर्ण झाले. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. लॉरेन्सचा जन्म १८८८ चा, आणि डनलॉपने हवा भरलेल्या टायरची कल्पना साकारली तीही त्याच वर्षी. ‘रोव्हर’ ही समान चाकांची, साखळीने चालणारी सायकल १८८५ मध्ये बाजारात आली होती. ‘सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब’ इंग्लंडमध्ये १८७८ पासून होता, फ्रान्समध्ये ‘तुरिंग क्लब द फ्रान्स’ १८९० मध्ये स्थापन झाला. म्हणजे नकाशा, खानावळ आणि रस्त्याची माहिती यांची जी यंत्रणा लागते, ती या पिढीला आयती मिळाली. वीस वर्षे आधी जन्मलेल्या विद्यार्थ्याला हा प्रबंध या पद्धतीने लिहिताच आला नसता.

सायकलवरील प्रवासाचे वाङ्मय तोवर निर्माण झालेले होते. पेनेल दांपत्याने १८८५ मध्ये तीनचाकी सायकलवरील कँटरबरीच्या यात्रेवर पुस्तक लिहिले. एच. जी. वेल्सची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी १८९६ ची. या लेखनात वाट हाच विषय आहे. जुनी मठ-मंदिरे नि किल्ले हे त्या वाटेवरचे विसावे आहेत. लॉरेन्सने हा क्रम उलटा केला. त्याच्या पत्रांत वास्तू मध्यभागी येते आणि माणसे जवळजवळ दिसत नाहीत. आपण पाहतो त्या इमारती आपल्यापेक्षा अधिक काळ टिकणार असल्याने पत्रात त्यांनाच जागा मिळणे योग्य, अशा आशयाचे समर्थनही तो घरच्यांपुढे करतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रांत असा अलिप्तपणा थोडा खटकतो. परंतु ही पत्रे म्हणजे टिपणवहीच होती, हे लक्षात घेतले की त्याचा उलगडा होतो.

सायकलने या अभ्यासाला नेमके काय दिले? रेल्वेने जाणारा अभ्यासक स्थानकाजवळच्या किल्ल्यांचा अभ्यासक होतो. पायी जाणारा एका खोऱ्यात गुंततो. सायकलस्वाराला मात्र आज जिझोरचा बालेकिल्ला पाहून थोड्याच दिवसांत कूसीचा गोल बुरूज पाहता येतो, आणि पहिल्याचा आकार डोळ्यांपुढून पुसला जाण्यापूर्वी दुसऱ्याशी त्याची तुलना करता येते. ‘क्रुसेडर कॅसल्स’ची सारी ताकद या ताज्या तुलनेत आहे. चौकोनी बुरुजाकडून गोल बुरुजाकडे झालेले संक्रमण, तटाबाहेर काढलेल्या बुरुजांतून दोन्ही बाजूंना मारा करण्याची सोय, एकात एक गुंफलेल्या तटबंद्या, या सर्वांचे विवेचन ग्रंथालयात बसून केलेले नाही, हे पानोपानी जाणवते. छायाचित्रे व रेखाटनेही बहुतांशी त्याची स्वतःची आहेत. सीन नदीवरील शातो गायार हा रिचर्डने ११९६ ते ११९८ या अल्पावधीत बांधलेला किल्ला; त्याच्या आराखड्यामागे तो रिचर्डची स्वतःची प्रतिभा पाहतो. हे मत विवाद्य आहे, पण ते त्या टेकडीवर उभे राहून बनलेले मत आहे.

प्रबंधाचा निष्कर्ष तत्कालीन प्रस्थापित मताविरुद्ध जाणारा होता. पूर्वेकडे गेलेल्या धर्मयोद्ध्यांनी बायझंटाइन दुर्गरचना पाहिली आणि ती शिकून युरोपात आणली, असे चार्ल्स ओमनसारखे इतिहासकार मानत असत. लॉरेन्सने ही दिशाच नाकारली. त्याच्या मते, पश्चिमेचे दुर्गस्थापत्य आपल्या गतीने घडले आणि धर्मयोद्ध्यांनी आपल्या कल्पना सोबत घेऊनच पूर्वेत किल्ले बांधले. पदवीच्या विद्यार्थ्याने ओमनला असे आव्हान द्यावे, याचे कौतुक चरित्रकारांनी पुष्कळ केले आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र येथे वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : या निष्कर्षातील किती भाग पुराव्याचा आणि किती भाग वाहनाचा?

तुलनेची दोन पारडी पाहावीत. एका पारड्यात तीन उन्हाळे, वेल्सची फेरी, चांगले रस्ते, दूध-पाव-फळांवर भागणारे दिवस आणि दिवसाकाठी मनसोक्त अंतर कापण्याची मुभा. दुसऱ्या पारड्यात १९०९ चा सीरिया-पॅलेस्टाइनमधील एकच उन्हाळा. तेथे सायकल नव्हती. तो सुमारे १,१०० मैल पायी हिंडला, ३६ किल्ले त्याने पाहिले, आणि अखेर मारहाण व लुटीमुळे त्याला प्रवास आटोपता घ्यावा लागला. क्राक दे शव्हालिए येथे तो तीन दिवस राहिला, साओनचा खडकात खोदलेला प्रचंड खंदक त्याने पाहिला. या पाहण्यात कोठेही उथळपणा नाही. तरीही पश्चिमेकडील मालिका सलग आणि भरगच्च, तर पूर्वेकडील विरळ आहे, ही विषमता उरतेच. ज्या प्रदेशाची साखळी अभ्यासकाच्या मनात अखंड आहे, त्या प्रदेशात विकास ‘आतून’ झाला असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तुटक पाहिलेल्या प्रदेशातील वस्तू मात्र ‘बाहेरून आलेली’ भासते. चाक जेथपर्यंत गेले, तेथपर्यंत परंपरा दिसली, असे थोडे कठोर विधान करण्याचा मोह होतो. रॉनी एलेनब्लूम यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात, पूर्व की पश्चिम हा वादच आधुनिक राष्ट्रवादी-वसाहतवादी इतिहासलेखनाने कसा घडवला हे दाखवून, या किल्ल्यांकडे दोन युद्धपरंपरांच्या संवादाचे फलित म्हणून पाहिले. लॉरेन्सच्या बाबतीत या वैचारिक कारणाच्या जोडीला प्रवाससाधनाचे हे साधे, भौतिक कारणही विचारात घ्यावे लागते.

यात आपल्याला परके असे काही नाही. सह्याद्रीतील दुर्गांवरचे गो. नी. दांडेकरांचे लेखन पायी भ्रमंतीतून जन्मले, कारण पायथ्याच्या गावापुढे चाक जातच नाही. त्या लेखनातील एकेका गडाशी जडलेली जवळीक आणि लॉरेन्सच्या प्रबंधातील शेकडो मैलांची तुलना, या दोन्हींच्या मुळाशी चढण आहे.

पत्रांच्या खंडात दोन जागा अशा आहेत की, तेथे प्रबंधकार मागे सरतो. पहिली एग-मोर्तची. नवव्या लुईने १२४८ व १२७० मध्ये ज्या बंदरातून धर्मयुद्धासाठी प्रस्थान ठेवले, तेथून लॉरेन्स २ ऑगस्ट १९०८ रोजी पत्र लिहितो. त्या दिवसांतच त्याने भूमध्य समुद्र प्रथम पाहिला होता, आणि पूर्वेची वाट आता खुली झाली आहे, या जाणिवेने तो भारावलेला आहे. प्रबंधातील ‘प्रभाव’ या कोरड्या शब्दामागे ही ओढ आहे. दुसरी जागा शार्त्रच्या कॅथेड्रलची. हा किल्ला नव्हे. प्रबंधाशी त्याचा संबंध नाही. परतीच्या वाटेवर, ऑगस्टच्या अखेरीस, तो तेथे थांबतो आणि आईला लिहिलेल्या पत्रातील भाषा एकाएकी मोजमाप सोडून देते. प्रबंधात या पानाला जागा नव्हती. १९३६ च्या प्रकाशकांनी दुसरा खंड काढला नसता, तर निव्वळ प्रबंधाच्या वाचकाला हा थांबा कधी कळलाच नसता.

त्याने पाहिलेल्या वास्तूंपैकी काही आता तशा उरलेल्या नाहीत. कूसीचा बालेकिल्ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९१७ मध्ये सुरुंग लावून उडवला. क्राक आणि साओन यांचा २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि सीरियातील यादवीत क्राकला हानी पोहोचली. उलट शातो गायारच्या पायथ्याशी असलेल्या लेझांदली गावातून आज ‘ला सेन आ व्हेलो’ हा २०२० मध्ये खुला झालेला आखीव सायकलमार्ग जातो. त्यावरून जाणाऱ्याला कोठे थांबावे हे फलक सांगतात. लॉरेन्सला ते स्वतः ठरवावे लागत होते, आणि त्याच्या चुकांइतकेच त्याचे शोधही त्या ठरवण्यातून आले आहेत.

प्रबंधाच्या मूळ प्रतीवर लॉरेन्सने पुढील काळात समासात पेन्सिलने टिपणे केली. १९३६ च्या आवृत्तीत ती छापली आहेत. अनेक ठिकाणी तो स्वतःच्याच विधानांवर शंका घेतो, काही विधाने सौम्य करतो, तर कोठे आपल्याच शैलीला टोमणा मारतो. प्रबंधाच्या मजकुरातून हद्दपार झालेला ‘मी’ अशा रीतीने समासातून परत येतो. आणि या ग्रंथाचे वाचन करताना मुख्य मजकूर, पत्रे आणि समास या तिन्हींना एकाच संहितेचे भाग मानल्याशिवाय गत्यंतर नाही.