'फाइन' म्हणजे काय रे भाऊ?

आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा तिला आम्ही शिकवलेलं पहिलं इंग्रजी असं होतं : कुणीही 'हाऊ आर यू?' म्हणालं की हसून 'फाइन, थँक्यू' म्हणायचं. पुढे काही सांगायचं नाही. साताऱ्यात 'काय, बरं आहे ना?' असं विचारणाऱ्याला गुडघ्यांपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं सांगायची तिची सवय. "ऐकायचं नसतं, तर मग विचारतात कशाला?" हा तिचा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही.

तरी तिने शब्द उचलला आणि पहिल्याच आठवड्यात तो तिच्यावर उलटला. शेजारीण आली होती. आईने खुणांनीच चहा विचारला. ती म्हणाली, "आय ॲम फाइन." आईने आनंदाने आलं घातलेला कपभर चहा तिच्यापुढे ठेवला. बिचारीला 'नको' म्हणायचं होतं! आपण 'आठ वाजता येऊ का?' याला 'फाइन' म्हणतो तो होकार. चहा विचारल्यावर 'आय ॲम फाइन' हा नकार. एकाच शब्दात हो आणि नाही दोन्ही!

त्या दिवसापासून मला या शब्दाचा छंदच लागला. आपल्या ग्रोसरीच्या दुकानात रव्याच्या पाकिटावर 'फाइन' म्हणजे बारीक. केसांच्या बाबतीत तलम. वाइनच्या बाबतीत उंची. हवेच्या बाबतीत स्वच्छ, ऊन पडलेली. फाइन आर्ट्स म्हणजे ललित कला, तर फाइन प्रिंट म्हणजे कर्जाच्या कागदांवरची ती बारीक अक्षरं, जी न वाचता आपण सही ठोकतो. स्वयंपाकघरात दूध सांडलं की 'अ फाइन मेस', म्हणजे चक्क टोमणा. आणि गाडी भलत्या जागी लावली तर भरावा लागतो तोही फाइनच! तो दंड नाम आहे, विशेषण नव्हे. पण घराणं एकच.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लॅटिनमधला 'फिनिस'. त्याचा अर्थ शेवट. 'फिनिश' आणि 'फायनल' ही त्याचीच नातवंडं. जे शेवटास नेलं, पूर्णत्वाला पोचवलं, ते उत्तम. हीण काढून टाकलेलं सोनं फाइन. मग त्यातूनच नाजूक, तलम, बारीक हे अर्थ आले. आणि दंड म्हणजे मुळात तंटा संपवण्यासाठी द्यायची रक्कम.

शेक्सपिअरने तर यातले चार अर्थ एकाच वाक्यात खेळवले आहेत. 'हॅम्लेट'च्या पाचव्या अंकात, स्मशानात, एका कवटीकडे बघून ही एखाद्या वकिलाची असेल असं हॅम्लेट म्हणतो. मग एकच शब्द शेवट, जमिनीच्या व्यवहारातली कायदेशीर तडजोड, नाजूक डोकं आणि त्या डोक्यात भरलेली बारीक माती अशा चारही अर्थांनी येतो. १६२३ सालच्या फोलिओत हा खेळ छापलेला आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' म्हणून आणलं. पण एकाच शब्दात हे चार अर्थ पेलणारा शब्द मराठीच्या पोतडीतच नाही.

एवढा खानदानी शब्द, पण आज त्याचं काय झालंय बघा. 'जेवण कसं होतं?' याला इथे कुणी नुसतं 'फाइन' म्हणालं तर समजावं की मीठ कमी पडलं. उत्तमाचा अर्थ घसरत घसरत 'चालेल'वर आला. आपल्या 'बरा'चंही तसंच. त्याचं नातं संस्कृतातल्या 'वर' म्हणजे श्रेष्ठ या शब्दाशी सांगतात, आणि आज 'सिनेमा बरा होता' म्हटलं की कुणी तिकीट काढत नाही.

तरीही दोघांत एक फरक आहे. गोष्ट सांगणाऱ्याला आपण 'बरं...' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'पुढे सांग' असा होतो. 'फाइन' मात्र बोलणं संपवतो. माझी लेक शाळेतून येते. शाळा कशी झाली? फाइन. डबा? फाइन. मैत्रिणीशी भांडण मिटलं का? "फाइन!" आणि दार धाडकन बंद. लॅटिनमधला शेवट दोन हजार वर्षांनी माझ्या घरात जिवंत आहे.

हे सगळं गमतीचं होतं, ती दुपार येईपर्यंत. आईला मळमळत होतं, दम लागत होता, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. मी खिडकीपाशी विम्याचे कागद भरत होते. नर्सने आत नेऊन हसून विचारलं, "हाऊ आर यू फीलिंग?" आई तितकंच हसून म्हणाली, "फाइन, थँक्यू." तिने तसंच लिहून घेतलं. मी आत गेले तेव्हा आईचा चेहरा उतरला होता. "आई, खरं सांग, काय होतंय?" "अगं, रात्रीपासून पाठीत भरून आलंय, जबडा दुखतोय. पण त्या पोरीने एवढं गोड विचारलं, तिला कशाला सांगायचं?"

मी धावत बाहेर गेले. ईसीजी झाला, ॲम्ब्युलन्स आली. हृदयविकाराचा झटका होता. बायकांमध्ये तो कधी कधी असाच पाठीत, जबड्यात दिसतो, हे मला तेव्हा कळलं. आई बचावली. पण चूक नर्सची नव्हती. ते वाक्य मीच आईला पाठ करून दिलं होतं.

म्हणून मंडळी, भारतातून येणाऱ्या आई-बाबांना 'फाइन' जरूर शिकवा, पण तो दुकानात आणि लिफ्टमध्ये वापरायला. दवाखान्यासाठी 'पेन हिअर' शिकवा आणि बोट ठेवायला सांगा. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाकडे दुभाषा विनामूल्य मागता येतो. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा त्याला आधार आहे. मागायला लाजू नका.

आई आता साताऱ्याला असते. दर रविवारी फोनवर मी विचारते, "कशी आहेस?" ती म्हणते, "बरी आहे." मी म्हणते, "बरं..."

आणि मग ती गुडघ्यांपासून सुरुवात करते.