तेजोमेघांचे रंग आणि छायाचित्रकाराचा निर्णय

ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या वायू आणि धुळीच्या विरळ ढगांना तेजोमेघ म्हणतात, आणि मृग नक्षत्रातील एम-४२ हा त्यांपैकी सर्वांत परिचित होय. छायाचित्रांत गुलाबी-जांभळा दिसणारा हा मेघ दुर्बिणीतून पाहणाऱ्यास मात्र राखाडी, फार तर किंचित हिरवट झाक असलेला भासतो. कारण मंद प्रकाशात डोळ्यातील ज्या दंडपेशी काम करतात, त्यांना रंगांतला भेद कळत नाही. त्यामुळे या कलेत डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याशी छायाचित्र ताडून पाहण्याची सोयच राहत नाही, रंग हा छायाचित्रकाराने घेतलेला निर्णय ठरतो, आणि तो कोणत्या आधारावर घेतला हे विचारल्यावाचून या कलेचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटांचे एक्स्पोजर देऊन एम-४२चे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांच्या काचपट्टीवर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले, आणि साठत जाणारा प्रकाश दृष्टीच्या पुढे जातो हे सिद्ध झाले. रंग फार उशिरा आला. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरमधून स्वतंत्रपणे घेतलेल्या कृष्णधवल काचपट्ट्या एकत्र करून जी चित्रे सिद्ध केली, त्यांत डोळा पुरेसा संवेदनशील असता तर काय दिसले असते, हाच प्रश्न केंद्रस्थानी होता.

१९९५ मध्ये हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी घेतलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या छायाचित्राने हा प्रश्नच बदलला. त्यांनी वापरलेले अरुंद पट्ट्याचे फिल्टर एखाद्या मूलद्रव्याच्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडतात. हायड्रोजनचा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर आणि आयनीभूत गंधकाचा सुमारे ६७२ नॅनोमीटरवर असल्याने नैसर्गिक रंगात दोन्ही लालच दिसतात व एकमेकांत मिसळून जातात. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला. कोणता वायू कोठे आहे हे त्यामुळे उलगडले, आणि म्हणूनच हे रंग कृत्रिम असूनही खोटे म्हणता येत नाहीत, कारण नकाशातील रंगांप्रमाणे त्यांचा अर्थ ठरलेला असतो.

पुढे मात्र साधनाची शैली झाली, आणि आजच्या हौशी छायाचित्रणाचा खरा दोष येथेच आहे. बहुतेक उत्सर्जन तेजोमेघांत, म्हणजे स्वतः प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगांत, हायड्रोजन इतका प्रबळ असतो की ही रंगयोजना प्रामाणिकपणे लावल्यास चित्र हिरवेगार होते. ते नजरेला रुचत नाही म्हणून हिरवा दाबून, त्याची छटा पिवळ्याकडे सरकवून, सर्वत्र दिसणारे ते सोनेरी-निळे चित्र तयार केले जाते. अशा चित्रातला रंग नैसर्गिक तर नसतोच, पण नकाशा म्हणूनही त्याचा भरवसा उरत नाही, कारण वायूंच्या तेजाचे परस्परप्रमाण त्यात बिघडलेले असते. वेगवेगळ्या जडणघडणीचे तेजोमेघ एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात, ही हानी केवळ शास्त्राची नाही, सौंदर्याचीही आहे.

तंत्राची प्रगती मात्र निर्विवाद आहे. थंड ठेवलेल्या संवेदकावर शेकडो फ्रेम घेऊन त्या संगणकात एकावर एक रचल्या जातात. फ्रेम चौपट केल्यास चित्रातील खरखर निम्म्यावर येते. अरुंद फिल्टर दिव्यांचा बराचसा उजेड गाळून टाकत असल्याने पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही, पावसाळा सरल्यावर, उत्सर्जन तेजोमेघ टिपता येतात. परंतु कृत्तिकांभोवतीची निळी झळाळी हा धुळीवरून विखुरलेला ताऱ्यांचाच प्रकाश आहे; तो सर्व तरंगलांबींत पसरलेला असल्यामुळे तेथे हे फिल्टर निरुपयोगी ठरतात आणि पेंच किंवा हानले येथील काळोखाला पर्याय राहत नाही. परिणामी शहरी छायाचित्रणात तेजस्वी वायूचाच भरणा दिसतो आणि धुळीचे सूक्ष्म, तपकिरी-निळे सौंदर्य उपेक्षित राहते. यातच तारे पुसणाऱ्या आणि तपशील धारदार करणाऱ्या, सरावाने शिकवलेल्या संगणक-प्रणाली आल्या आहेत; त्यांनी रेखलेला तंतू आकाशात आहे की शिकवणीतून आला आहे, हे मूळ फ्रेमशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही.

या कसोटीवर यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेव्हियर स्ट्रॉटनर यांचे काम आदर्श ठरते. असंख्य वेळा टिपल्या गेलेल्या देवयानी दीर्घिकेच्या शेजारी, ऑक्सिजनच्या फिल्टरमधून केलेल्या दीर्घ चित्रणात, त्यांना २०२२ मध्ये निळ्या तेजाची एक प्रचंड कमान आढळली. ती उपकरणातील दोष किंवा परावर्तन असू शकेल या शंकेने इतर दुर्बिणींतून पडताळून घेतल्यानंतरच त्यांनी ती २०२३ मध्ये जाहीर केली. ती देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतील, यावर त्यानंतर संशोधकांत चर्चा सुरू झाली.